तुरुंगातून सुटणाऱ्या माजी सैनिकाची नोकरी : तयारी सुटकेच्या आधी

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा इथेच जन्मला, २०११ ते २०१५ अशी चार वर्षे अमेरिकी आर्मीत वाहनांचा मेकॅनिक होता आणि त्याला ऑनरेबल डिस्चार्ज, म्हणजे सन्मानाने सेवामुक्ती, मिळाली. सेवेत असताना त्याची पाठ दुखावली होती व त्यासाठी व्हीएकडून (अमेरिकी सरकारच्या माजी सैनिक खात्याकडून) वीस टक्के अपंगत्वाची भरपाई मिळत असे. दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली, त्यातून चोरी झाली आणि २०२२ मध्ये शिक्षा झाली. आता पाच महिन्यांनी तो राज्याच्या तुरुंगातून सुटेल. तुरुंगवासामुळे त्याची सैन्यातील सेवा आणि सवलती आता संपल्या, असे आम्ही धरून चाललो आहोत. माझ्या मित्राची आयटी कंपनी आहे, तिथे एखादा कोर्स करवून त्याला चिकटवावे का? की सैन्यात होता म्हणून सिक्युरिटीची नोकरी बरी? तुरुंगाचा विषय अर्जात टाळता येईल का? तो आत गेल्यावरही काही महिने भरपाईचे पैसे खात्यात येत राहिले आणि ते वकिलाच्या फीला गेले, त्याचे काय? ओळखीचे लोक नकोत म्हणून त्याला टेक्सासला धाकट्या भावाकडे पाठवण्याचाही विचार आहे. — एक वडील

उत्तर :

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा गैरसमज आधी दूर करतो, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. सेवामुक्तीचा शेरा सैन्यातील वर्तनावर दिलेला असतो. सात वर्षांनंतर नागरी न्यायालयाने दिलेल्या शिक्षेने तो बदलत नाही. त्याच्या डीडी-२१४ या सेवामुक्तीच्या कागदावर २०१५ साली ऑनरेबल असे लिहिले असेल, तर आजही तो ऑनरेबल डिस्चार्ज मिळालेला माजी सैनिकच आहे. शेरा त्याहून खालचा असता तर तो सुधारून घेण्यासाठी लष्कराच्या मंडळाकडे अर्ज करण्यात आपला बराच काळ गेला असता. ती पायरी आपल्या वाट्याला आलेली नाही. तो कागद घरात सापडत नसेल, तर नॅशनल आर्काइव्ह्जच्या सेंट लुईस येथील नोंदणी केंद्राकडून त्याची प्रत मागवता येते. ही मागणी मुलाच्या सहीने आजच पाठवावी.

तुरुंगवासाने सवलतींवर काही मर्यादा आल्या, एवढेच खरे आहे. फेलनी, म्हणजे गंभीर स्वरूपाच्या, गुन्ह्यासाठी शिक्षा झाल्यास तुरुंगवासाच्या एकसष्टाव्या दिवसापासून वीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांची भरपाई दहा टक्क्यांच्या दरावर आणली जाते. खबर वेळेत न पोचल्याने जास्तीचे पैसे येत राहिले असतील, तर ती रक्कम व्हीएच्या हिशेबी मुलाच्या नावावरील कर्ज ठरते आणि पुढच्या भरपाईतून वळती होऊ शकते. आपण ती वकिलाला दिली यात लबाडी नव्हती, हे मी समजतो, पण गप्प राहिल्याने कर्ज विरत नाही. मुलाने स्वतः लिहून कळवावे, आणि कर्जाचे पत्र आल्यावर एका वर्षाच्या आत माफीचा किंवा हप्त्यांचा अर्ज करावा. सुटकेची खबर देणेही तितकेच निकडीचे आहे. सुटकेपासून एका वर्षाच्या आत ती पोचली तर पूर्ण भरपाई सुटकेच्या तारखेपासून सुरू होते. त्यानंतर कळवले तर मधल्या महिन्यांचे पैसे हातचे जातात.

आता या पाच महिन्यांविषयी. तुरुंगातील माजी सैनिकांसाठी व्हीएचा हेल्थ केअर फॉर रीएंट्री व्हेटरन्स नावाचा स्वतंत्र उपक्रम आहे. त्याचे तज्ज्ञ राज्यांच्या व संघराज्याच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटतात आणि साधारणपणे सुटकेच्या आधीच्या सहा महिन्यांत पुढील उपचार, निवारा व कामाची आखणी करून देतात. आपला मुलगा नेमका त्याच टप्प्यात आहे. अडचण अशी की कित्येक कैदी आपण सैन्यात होतो हे तुरुंगात सांगतच नाहीत. कोणाला लाज वाटते, कोणाला सवलत कापली जाईल अशी भीती असते. २०१६ च्या सरकारी पाहणीनुसार अमेरिकेतील राज्य व संघीय तुरुंगांत एक लाखाहून अधिक माजी सैनिक होते, त्यामुळे सांगण्यात काही वेगळे किंवा लाजिरवाणे नाही. मुलाने तुरुंगातील समाजसेवकाला आपली सेवा लेखी कळवावी आणि या तज्ज्ञाची भेट मागावी. आपण बाहेरून फोन कराल, पण त्याच्या सहीच्या संमतीपत्राशिवाय व्हीए आपल्याशी त्याच्या प्रकरणाबद्दल बोलणार नाही. तेव्हा पुढच्या भेटीत नोकरीच्या सल्ल्याआधी त्या संमतीपत्राविषयी बोलावे.

एक गोष्ट करिअरच्या चौकटीबाहेरची वाटेल, पण ती वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ज्याला अफूवर्गीय गोळ्यांची सवय होती, त्याच्या शरीराची सहनशक्ती तुरुंगात कमी झालेली असते, आणि सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे अतिमात्रेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. उपचाराचे औषध आत सुरू असेल तर ते एका दिवसासाठीही खंडित होऊ नये, यासाठी व्हीएच्या रुग्णालयातील पहिली भेट सुटकेआधीच ठरवून घ्यावी. अशा अतिमात्रेवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषधाच्या दुकानात मिळतो. तो घरात ठेवावा आणि वापरायचा कसा हे घरातील सर्वांना माहीत असावे. मन खचले तर ९८८ वर फोन करून १ दाबल्यास माजी सैनिकांसाठीच्या मदतवाहिनीशी बोलता येते.

नोकरीच्या दिशेबद्दल माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. मित्राच्या आयटी कंपनीची कल्पना मायेतून आली आहे, पण तिला तीन ठिकाणी ठेच लागते. अशा कंपन्या माणसे बऱ्याचदा बँका, विमा कंपन्या आणि रुग्णालये यांच्या कामावर पाठवतात. चोरीसारखा अप्रामाणिकपणाचा गुन्हा असलेल्या व्यक्तीला विमासंरक्षित बँकेत काम करण्यावर संघीय कायद्याचे निर्बंध आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने ते सैल झाले असले तरी संपलेले नाहीत. दुसरे असे की पत्रभर कुठेही मुलाला संगणकाची आवड असल्याचे आपण लिहिलेले नाही. तिसरे म्हणजे मित्राच्या उपकारावर मिळालेल्या जागेत तो रोज कोणाचा तरी मुलगा म्हणून बसेल. सिक्युरिटीचा मार्ग तर जवळपास बंदच आहे. फेलनीनंतर संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि न्यू जर्सीत निःशस्त्र रखवालदारालाही राज्य पोलिसांकडे नोंदणी करावी लागते, तिथे ही शिक्षा आडवी येते. सैन्यातला माणूस म्हणजे पहारेकरी हे समीकरण सोडून द्यावे, असे मी सुचवीन.

त्याच्याकडे चार वर्षांची कारागिरी आहे. अवजड वाहनांचे इंजिन, ब्रेक, हायड्रॉलिक्स यांवर त्याचा हात बसलेला आहे, आणि डिझेल मेकॅनिकच्या क्षेत्रात मालक माणसाचे काम बघून त्याला पारखतो. मात्र इथे एक प्रश्न मी आपल्यासमोर ठेवतो, जो आपल्या पत्रात नाही : पाठीचे काय? ज्या दुखण्यातून गोळ्या सुरू झाल्या, तेच दुखणे दिवसभर ट्रकखाली वाकून पुन्हा डोके वर काढणार असेल, तर जुन्या धंद्यात परतणे म्हणजे जुन्याच वाटेने जाणे होईल. म्हणून त्याच क्षेत्रातील, पण अंगमेहनत कमी असलेली कामे पाहावीत. आजच्या ट्रकमध्ये बिघाड शोधण्याचे निम्मे काम लॅपटॉप जोडून होते. इलेक्ट्रॉनिक निदान करणारा तंत्रज्ञ, सुट्या भागांच्या काउंटरवरचा जाणकार, ग्राहकाची तक्रार ऐकून कामाचा अंदाजपत्रकासह कागद करणारा सर्व्हिस रायटर, किंवा बस व ट्रकच्या ताफ्याच्या देखभालीचे वेळापत्रक सांभाळणारा माणूस, या जागांवर वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला माणूस इतरांहून सरस ठरतो. तंत्रज्ञाच्या कामात एएसई या वाहन-दुरुस्तीच्या प्रमाणपत्र परीक्षांना मान आहे, आणि सैन्यातील अनुभव कागदोपत्री दाखवता आला तर त्यांतील अनुभवाची अट पुरी होण्यास मदत होते.

हे शिक्षण कोणाच्या पैशाने घ्यायचे, यात क्रम महत्त्वाचा आहे. त्याला सेवेमुळे आलेले अपंगत्व वीस टक्के आहे, म्हणून व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट या व्हीएच्या योजनेत त्याने आधी अर्ज करावा. १ जानेवारी २०१३ नंतर सेवामुक्त झालेल्यांना या योजनेसाठी जुनी बारा वर्षांची मुदत लागू नाही. पात्र ठरल्यास एक समुपदेशक त्याच्या पाठीचा आणि कौशल्याचा मेळ घालून आराखडा करतो, आणि शुल्क, पुस्तके व कामाची हत्यारेही योजनेतून मिळू शकतात. हत्यारांचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. अमेरिकेत मेकॅनिकला पाने, सॉकेट, टॉर्क रेंच असलेली पेटी बहुधा स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते आणि तिची किंमत काही हजार डॉलरवर जाते. नुकत्याच सुटलेल्या माणसाची उमेद पुष्कळदा तिथेच संपते. पोस्ट-९/११ जीआय बिल ही माजी सैनिकांच्या शिक्षणखर्चाची योजना हा दुसरा मार्ग आहे. चार वर्षांच्या सेवेमुळे तो शंभर टक्के दराला पात्र असावा, आणि २०१३ नंतरच्या सेवामुक्तीमुळे त्यालाही मुदत उरलेली नाही. ते पैसे महाविद्यालयापुरतेच मर्यादित नाहीत. मान्यताप्राप्त अप्रेंटिसशिपमध्ये पगाराशिवाय घरभाड्याचा भत्ता मिळतो, पहिले सहा महिने पूर्ण दराने आणि पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत. आर्मीतील प्रशिक्षणाचे क्रेडिट महाविद्यालयात मिळावे म्हणून जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे त्या प्रशिक्षणाची अधिकृत नोंद, हीही मागवून ठेवावी.

सुटकेच्या पहिल्याच आठवड्यात त्याने जवळच्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये (सरकारी रोजगार केंद्रात) जावे आणि तिथे माजी सैनिकांसाठी नेमलेल्या तज्ज्ञाची भेट मागावी. तुरुंगातून सुटलेले माजी सैनिक हे या तज्ज्ञाच्या मदतीच्या पात्रतेतच मोडतात. श्रम खात्याच्या होमलेस व्हेटरन्स रीइंटिग्रेशन प्रोग्रॅमचे नाव ऐकून तो रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठीच आहे असे वाटते, पण तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या माजी सैनिकांचाही त्यात समावेश आहे. स्थानिक संस्थांमार्फत चालणाऱ्या या कार्यक्रमातून प्रशिक्षण आणि नोकरी मिळवून देण्याची मदत होते. मालक बिचकत असेल तर त्याच सेंटरमधून फेडरल बाँडिंग प्रोग्रॅमची माहिती घ्यावी. १९६६ पासून चालत आलेल्या या योजनेत नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी, कामगाराने चोरी वा अफरातफर केल्यास ५,००० डॉलरपर्यंतचे संरक्षण मालकाला फुकट मिळते. चोरीची शिक्षा झालेल्या माणसाने हा कागद स्वतःहून पुढे केला तर मालकाच्या मनातील प्रश्नाला तो न विचारताच उत्तर मिळते.

अर्जात काय लिहावे, याबाबत माझे उत्तर ठाम आहे : खोटे कधीही लिहू नये, आणि न विचारलेले आधी सांगू नये. न्यू जर्सीत २०१५ पासून लागू असलेल्या कायद्याने पंधरा किंवा अधिक कामगार असलेल्या बहुतेक मालकांना नोकरीच्या सुरुवातीच्या अर्जात गुन्ह्याची चौकशी करता येत नाही. संघीय सरकारी नोकऱ्यांत आणि तिथल्या कंत्राटदारांकडे तर सशर्त नेमणूक देऊ केल्यानंतरच ती करता येते. पण पहिल्या मुलाखतीनंतर प्रश्न येणारच, आणि त्या वेळी लपवले तर पुढे कामावरून काढण्यासाठी तेवढे एक कारण पुरते. उत्तर एका मिनिटाहून लांबू नये. गोळ्यांच्या सवयीत असताना २०२२ मध्ये चोरीसाठी शिक्षा झाली, ती भोगून झाली, उपचार चालू आहेत, आत असताना हे काम व हा कोर्स केला, आणि आर्मीत चार वर्षे वाहने दुरुस्त केली : एवढे सांगून थांबावे. आई-वडिलांची, पाठदुखीची किंवा न्यायव्यवस्थेची तक्रार त्यात येऊ देऊ नये. तुरुंगातील वर्कशॉपमध्ये वा स्वयंपाकघरात त्याने काम केले असेल, तर ते रेझ्युमेत कामाच्या नावाने लिहिता येते. ती वर्षे कोरी ठेवण्याची गरज नाही. पार्श्वभूमीच्या अहवालावरून नकार द्यायचा असेल तर मालकाला आधी त्या अहवालाची प्रत द्यावी लागते, आणि अशा अहवालांत चुका असतात, म्हणून ती बारकाईने वाचावी. पुढे, शिक्षेची सर्व बंधने व दंड पुरे झाल्यावर पाच वर्षांनी, अनेक गुन्ह्यांची नोंद मिटवण्यासाठी या राज्यात न्यायालयाकडे अर्ज करता येतो. त्याच्या गुन्ह्याला ते लागू आहे का, हे वकिलाला आताच विचारून ठेवावे.

आता टेक्सासविषयी. ओळखीच्या लोकांपासून दूर जाण्याची इच्छा त्याची आहे की आपली, हे आपण त्याला मोकळेपणाने विचारावे, असे मला वाटते, कारण पत्रात ती आपली म्हणून आली आहे. त्याची इच्छा असेल तर हरकत नाही, पण पॅरोलवर सुटणारा माणूस मर्जीने राज्य बदलू शकत नाही. आंतरराज्य करारानुसार बदलीचा अर्ज तुरुंग व पॅरोल अधिकाऱ्यांमार्फत जातो आणि टेक्सासच्या अधिकाऱ्यांना भावाच्या घराची व परिस्थितीची चौकशी करून उत्तर देण्यासाठी ४५ दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे अर्जाची तयारी आताच सुरू केली तर सुटकेपूर्वी निर्णयाची आशा धरता येईल, आणि मंजुरी हाती येण्याआधी राज्य सोडून जाणे हा पॅरोलभंग ठरू शकतो. टेक्सासला जायचे ठरले तर व्हीएच्या तज्ज्ञालाही लगेच कळवावे, म्हणजे रुग्णालयातील पहिली भेट आणि प्रशिक्षणाचा अर्ज तिथल्या कार्यालयाकडे वळवता येईल.