नोकरी गेली आणि देवीची ओटी राहिली

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेत आहे. त्यांचे सासर गुहागर तालुक्यातले. यजमानांची नोकरी कंपनीने केलेल्या कपातीत गेली आणि कुटुंब अमेरिकेतल्या नोकरीशी बांधलेल्या एच-१बी व्हिसावर असल्यामुळे मुदतीची टांगती तलवार डोक्यावर आली. गावी फोन करून हे सांगितले तेव्हा सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चार वर्षं झाली देवीची ओटी भरून. तिचंच काहीतरी राहिलंय." अकरा वर्षांच्या मुलाने ते ऐकले आणि रात्री झोपताना आईला विचारले, "देवीने बाबांची नोकरी काढून घेतली का?" त्या लिहितात, "माझी देवावर श्रद्धा आहे, रोज दिवा लावते. पण आता दिवा लावतानाच अपराधी वाटू लागले आहे. या श्रद्धेतून मन शांत कसे करायचे?"

ताई, सर्वप्रथम व्यवहाराचे सांगतो, कारण त्याला वेळेचे बंधन आहे. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी सुटली की साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि तुमच्या प्रवेशाच्या नोंदीतली मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. या दिवसांत दुसऱ्या कंपनीने अर्ज करणे, व्हिसाचा प्रकार बदलून घेणे किंवा परतीची तयारी करणे, यांपैकी काहीतरी ठरवावे लागते. म्हणून इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाची वेळ आजच घ्या. देवीचे काय राहिले याचा शोध घेण्यात यातला एकही दिवस घालवू नका. हे श्रद्धा कमी करा म्हणून सांगत नाही. संकटाच्या वेळी आपल्या गावांतली माणसे श्रद्धा बाळगूनच कशी वागतात, ते पुढे लिहितो आहे.

तुमच्या मनाला बोच लागली आहे ती एका समजुतीमुळे. कुळाचारात खंड पडला, देवी रागावली आणि तिने शिक्षा केली, अशी ती समजूत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ग्रामदेवतांची प्रत्यक्ष रीत मात्र वेगळे सांगते. देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा काय बोलतात ते आठवा, किंवा सासूबाईंना विचारा. देवापुढे नारळ ठेवलेला असतो, गुरव किंवा गावचा जाणता मानकरी हात जोडून उभा राहतो आणि "बा देवा महाराजा" अशी हाक घालून एकेक गोष्ट देवाच्या कानावर घालतो. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरत नाही, कोणाचा पोरगा पोटापाण्यासाठी परमुलखात गेला आहे, हे सारे तो मोठ्याने, चारचौघांत सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणून दुजोरा देतात. आणि या गाऱ्हाण्यात एक मागणे हमखास येते, की लेकरांचे काही चुकले-माकले असेल तर पदरात घे आणि जिथे असतील तिथे त्यांची राखण कर.

या मागण्याकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधतो. माणसाकडून चूक होणार, काही राहून जाणार, हे आपल्या पूर्वजांनी गृहीतच धरलेले आहे, आणि त्याची क्षमा मागण्याची सोय पूजेच्या आतच करून ठेवलेली आहे. ती क्षमा तुम्ही एकट्याने, न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात अपराधी होऊन मागायची नसते. गाव ती तुमच्या वतीने मागत आलेले आहे. घरातला माणूस मुंबईला गिरणीत होता तेव्हाही त्याच्यासाठी गाऱ्हाणे पडत होते आणि आज तो अटलांटिकच्या पलीकडे आहे तरी पडते. ज्या देवीपुढे दरवर्षी "दूर गेलेल्यांना सांभाळ" असे म्हटले जाते, तिने दूर गेल्याबद्दलच शिक्षा करावी, हे त्या गाऱ्हाण्याशी जुळत नाही.

खंड पडण्यालाही आपल्याकडे जागा आहे. भावकीत सुतक आले तर त्या वर्षी घरचा गणपती आणत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तोच गणपती तितक्याच थाटात येतो. राहिलेल्या वर्षाचा दंड कोणी भरत नाही. शिमग्यात पालखी घरोघरी येते तेव्हा वाडीतली कितीतरी घरे कुलूपबंद असतात, तरी अनेक गावांत भाऊबंद किंवा शेजारी किल्ली आणून दार उघडतात, अंगण सारवून ठेवतात आणि बाहेरगावी असलेल्या घरधन्याच्या नावाने देवाला नारळ देतात. ओटीचेही तसेच आहे. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू घेऊन सासूबाईंनी किंवा तुमच्या जाऊबाईंनी तुमच्या नावाने ओटी भरली तर ती तुमचीच ओटी होते.

आता सासूबाईंविषयी. त्या तुम्हाला दोष देत आहेत असे तुम्हाला वाटले, आणि ते शब्द ऐकून कोणालाही तसेच वाटेल. पण त्यांच्या बाजूने पाहा. मुलगा हजारो मैलांवर संकटात आहे, त्यांना कंपनी कळत नाही, व्हिसा कळत नाही, पैसे पाठवण्याची ऐपत नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे देवीचे दार. म्हणून कारणही त्यांना तिथेच दिसते आणि उपायही तिथेच दिसतो. ते बोलणे आरोपाचे कमी आणि काळजीचे अधिक आहे. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका आणि मनात धरूनही बसू नका. यजमानांनी स्वतः फोन करावा आणि म्हणावे, "आई, तू आमच्या वतीने ओटी भर आणि देवीला गाऱ्हाणं घाल. इकडचं मी बघतो." त्यांना करण्यासारखे काम मिळाले की त्यांचा जीव थाऱ्यावर येईल, आणि सुनेच्या डोक्यावरचे ओझे मुलाने उचललेलेही त्यांना कळेल. हा फोन तुम्ही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कुळाचाराचा सगळा हिशोब घरातल्या बायकांच्या नावावर मांडण्याची सवय आपल्या घरांत फार जुनी आहे आणि ती परदेशात नेण्याचे काही कारण नाही.

याच काळात कोणीतरी ओळखीतून एखाद्या माणसाचा नंबर देईल, जो व्हिडिओ कॉलवर कौल लावतो, म्हणजे देवाचा होकार-नकार विचारतो, दोष सांगतो आणि ठरावीक रक्कम पाठवली की शांत करून देतो. त्याला एक रुपयाही पाठवू नका. देवळातला कौल गावाच्या साक्षीने, देवापुढे लावतात. भ्यालेल्या माणसाकडून पैसे काढण्यासाठी भीती आणखी वाढवणारा कौल हा निव्वळ धंदा आहे, आणि त्यात सापडलेली कुटुंबे पैशांबरोबर मनाची उरलीसुरली शांतीही घालवून बसतात.

मन शांत करण्याचा तुमचा प्रश्न मात्र याहून मोठा आहे. इथल्या बागायतदाराचे उदाहरण घ्या, कारण धक्के खात जगणे म्हणजे काय ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. हापूसला थंडीत मोहर येतो, झाड पिवळसर-तांबूस तुऱ्यांनी भरून जाते, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून येते किंवा अवकाळी पाऊस पडतो. दमट हवेत तुडतुडे वाढतात, भुरी धरते, तुरे काळे पडतात आणि हात लावला की राखेसारखे झडतात. त्या वर्षीच्या कर्जाचे हप्ते त्या मोहरावर बेतलेले असतात. असा माणूस संध्याकाळी देवासमोर बसतो आणि जे झाले ते सांगतो, अगदी डोळ्यांत पाणी आणूनही सांगतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो फवारणीचा पंप घेऊन कलमांखाली उभा असतो, कुठल्या झाडांवर मोहर शाबूत आहे ते मोजत असतो. प्रार्थनेने पाऊस परतवला नाही म्हणून तो देव्हारा बंद करत नाही, आणि देव्हाऱ्यात दिवा आहे म्हणून फवारणी चुकवतही नाही. दोन्हींची जागा त्याला पक्की माहीत असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड-दापोलीपर्यंत पिढ्यानपिढ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांचे एका वर्षाचे नव्हे, अर्ध्या दशकाहून अधिक काळाचे उत्पन्न गेले. त्या माणसांना जाऊन "जे होते ते भल्यासाठीच होते" असे कोणी शहाण्याने सांगितले नाही. शेजाऱ्यांनी पडलेली झाडे कापून वाट मोकळी करायला हात दिला, आणि पुढे त्याच जमिनीत रोपे लागली.

म्हणून तुमच्या यजमानांनाही "यातूनच काहीतरी चांगले होईल" असे इतक्यात सांगू नका. कदाचित होईलही, पण आज ते वाक्य ऐकणाऱ्याला एकटे पाडते. नोकरी गेलेल्या माणसाला पैशाइतकीच लाज छळते, विशेषतः आपल्याकडच्या पुरुषाला, ज्याच्या परदेशातल्या नोकरीचे वाडीत कौतुक झालेले असते. त्यांना बोलू द्या. कोणाला कळवायचे आणि कोणाला नाही ते दोघांनी मिळून ठरवा, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार विश्वासू कुटुंबांना तरी मोकळेपणाने सांगा. नोकऱ्या पुष्कळदा ओळखीतून कळतात, आणि लपवण्यातच सगळी शक्ती गेली तर शोधायला उरत नाही. चारचौघांत अडचण मांडणे हा गाऱ्हाण्याचा गाभाच आहे, ती देवळाबाहेरही तशीच मांडता येते.

घरच्या घरी काय करावे, तर संध्याकाळचा दिवा आहे तोच ठेवा. धुराच्या अलार्ममुळे विजेची समई लावत असाल तर तीही चालेल, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. दिव्यापुढे तिघांनी उभे राहायचे आणि प्रत्येकाने त्या दिवसाची एक अडचण स्वतःच्या शब्दांत सांगायची. बाकीच्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचे. मुलाने इंग्रजीत सांगितले तरी हरकत नाही. कोणी उपाय सुचवायचा नाही, कोणी चूक दाखवायची नाही. सुरुवातीला संकोच वाटेल, पण अडचण उच्चारली गेली की तिला आकार येतो, आणि आकार आलेल्या अडचणीवर उद्या काय करायचे ते सुचते. आपली भीती नाव घेऊन सांगता येणे आणि दुसऱ्याची भीती मध्ये न बोलता ऐकता येणे, एवढे जरी या महिन्यांत साधले तरी तुमच्या घराने पुष्कळ मिळवले असे मी मानतो.

ज्यांना मूकपणे बसणे अधिक मानवते त्यांच्यासाठी रत्नागिरीजवळच्या पावस गावचे संत स्वामी स्वरूपानंद यांचा मार्ग आहे. १९०३ साली जन्मलेल्या स्वामींनी तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास सोसला, पुढे जीवघेण्या आजारातून ते उठले आणि १९७४ साली देह ठेवीपर्यंत पावसमध्येच शांतपणे राहिले. श्वास आत येताना "सो" आणि बाहेर जाताना "हं", या लयीकडे लक्ष ठेवून बसण्याची साधना त्यांनी लोकांना दिली. तिला मूर्ती लागत नाही, साहित्य लागत नाही. यजमानांना मुलाखतीच्या आधीची दहा मिनिटे अशी बसता आली तर पाहा.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढे ढकलू नका, कारण अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात जो देव बसतो तो जन्मभर राहतो. त्याला सरळ सांगा: "देवीने नोकरी काढून घेतली नाही. कंपनीने खर्च कमी करायला पुष्कळ माणसे कमी केली, त्यात बाबा होते. बाबांनी काही वाईट केलेले नाही, आपणही केलेले नाही. आजी घाबरली होती म्हणून तसे म्हणाली. देवीकडे आपण बळ मागतो, आणि नोकरी बाबा शोधतात." त्याने पुन्हा विचारले तर पुन्हा हेच सांगा. परत जावे लागेल का, असेही तो विचारेल. तेव्हा खोटा धीर न देता "अजून ठरलेले नाही, ठरले की तुला आधी सांगू" एवढेच म्हणा.

एक गोष्ट श्रद्धेवर सोपवू नका. यजमानांची किंवा तुमची झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि जगण्यात अर्थ नाही असे शब्द कोणाच्या तोंडून आले तर एक दिवसही थांबू नका. अमेरिकेत अशा वेळी मदत करणाऱ्या ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. देवीला मानणाऱ्या माणसाने डॉक्टरकडे जाण्यात देवीचा काही अवमान होत नाही.

शेवटी गावी येण्याविषयी. नातेवाईक कदाचित म्हणतील की लगेच या, ओटी भरा आणि मग बघा. वकिलांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर तो अर्ज सोडून दिला असे साधारणपणे धरले जाते, आणि देवीच्या भेटीसाठी केलेली घाई घराला महागात पडू शकते. सगळे मार्गी लागल्यावर, शिमग्याच्या सुमारास सवडीने या, मुलाला बरोबर आणा, त्याला पालखीखाली उभे करा. त्याआधी सासूबाई ओटी भरायला जातील तेव्हा त्यांना फोन चालू ठेवायला सांगा. मार्च ते नोव्हेंबर या काळात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, तेवढ्या वेळेला तिघेही घरात असा, आणि गाऱ्हाण्यात तुमचे नाव आले की तिकडून "व्हय महाराजा" म्हणा.