हात सरकवला, पण चित्र सरकेना

प्रश्न : सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तेथपासूनच्या नाट्यपरंपरेवर आम्ही एक छोटे प्रदर्शन मांडत आहोत. प्रेक्षकाने हवेत हात सरकवला की पडद्यावर पुढचे छायाचित्र यावे, यासाठी अंतर मोजणारा कॅमेरा बसवला आहे. सकाळी तो ठीक चालतो. दुपारनंतर मात्र त्याला हात दिसतच नाही आणि गर्दीत चित्रे आपोआप बदलतात. उपाय सुचवावा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या दालनाला पश्चिमेची खिडकी असावी, असा माझा तर्क आहे. २०१० साली बाजारात आलेल्या किनेक्ट या हालचाली टिपणाऱ्या उपकरणासारखे कॅमेरे स्वतः अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश सोडतात आणि तो समोरच्या वस्तूवरून कसा परततो यावरून अंतर ठरवतात. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असल्याने उन्हाची तिरीप प्रेक्षकाच्या अंगावर पडली, की कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रकाश तीत बुडून जातो. येथे संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. खिडकीला जाड पडदा लावावा.

गर्दीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पडद्यापासून साधारण दोन मीटरवर एक लहान सतरंजी अंथरावी आणि तिच्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीचेच हातवारे, ती दूर होईपर्यंत, ग्राह्य धरावेत. (जमिनीवर रंगीत पट्टी आखली तर ती कोणी पाहत नाही, सतरंजीवर मात्र माणूस आपसूक उभा राहतो.) हात सरकवण्याची खूणही मी सोडूनच देईन, कारण सरकवलेला हात माणूस मागे आणतोच आणि त्या परतीलाही यंत्र उलट दिशेची आज्ञा समजते. त्याऐवजी चित्रावर सुमारे एक सेकंद हात स्थिर धरला की ते उघडावे आणि तेवढ्या वेळात भरत जाणारे वर्तुळ तेथे दिसावे. प्रेक्षकाची सावलीसारखी आकृती पडद्यावर सतत उमटत राहिली, तर सूचनांच्या पाटीची फारशी गरज उरत नाही; स्वतःला हलताना पाहून माणूस थबकतो आणि हात हलवून पाहतो. चित्रे मात्र खांद्याच्या खालीच ठेवावीत, कारण वर धरलेला हात लवकर भरून येतो आणि मुलांचा तेथवर पोचत नाही.

चाचणी केवळ टी-शर्ट घातलेल्या मित्रांवर घेऊ नका. अंगभर पदर किंवा शाल घेतलेल्या व्यक्तीचा दंड धडापासून वेगळा ओळखणे यंत्राला जड जाते. हात उचलणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी शेजारी एक साधे बटण अवश्य असावे.