सगळ्या एफएम स्टेशनांवर तीच गाणी वाजतात, मग ती एकमेकांशी स्पर्धा करतात तरी कशी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या जिल्ह्याच्या गावात तीन खासगी एफएम आणि एक आकाशवाणी आहे, खासगीवाल्यांच्या गाण्यांत डावं-उजवं करता येत नाही, आणि हातात मोबाइल असताना ही मंडळी ऐकणारे कुठून आणतात नि पगार कशातून करतात. मी कोल्हापुरात एका खासगी स्टेशनात अकरा वर्षं होतो. पहिली आठ वर्षं जाहिराती विकल्या, शेवटची तीन प्रोग्रॅमिंगला. स्टेशनचं नाव घेत नाही, जुने सहकारी अजून तिथेच आहेत आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतात.

आधी एक कबुली. बाहेरून वाटायचं की आम्ही ऐकणाऱ्यांसाठी भांडतोय. खरं भांडण गुजरीतल्या सराफासाठी, राजारामपुरीतल्या साडीवाल्यासाठी आणि बारावीच्या क्लासवाल्यासाठी होतं. ऐकणारा त्या भांडणातला साक्षीदार. त्यानं आमच्या बाजूनं साक्ष द्यावी, एवढ्यासाठी आमची सगळी धडपड.

कारण मोजमापच नव्हतं. टीव्हीला टीआरपी असते तशी रेडिओसाठी २००७ मध्ये ‘रॅम’ नावाची पद्धत आली, पण ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चारच शहरांत. निवडलेल्या लोकांना डायरी द्यायची आणि त्यांनी कधी कुठलं स्टेशन ऐकलं ते लिहायचं. आता आठवड्याची डायरी माणूस रोजच्या रोज थोडीच भरतो? शेवटच्या दिवशी आठवून आठवून भरणार, म्हणजे ज्याचं नाव आठवेल त्याला मत. आरजे दर गाण्यानंतर स्टेशनचं नाव आणि आकडा का घोकतो, याचं मोठं कारण हे. आमच्याकडे डायरी कधी आलीच नाही, पण घोकायची सवय मात्र मुंबईहून पार्सल आली.

डायरी नाही म्हटल्यावर क्लायंट स्वतःच्या कानानं मोजायचा. माझ्या पहिल्याच वर्षी गुजरीतल्या एका सराफाकडे लॅपटॉप घेऊन गेलो होतो. रंगीत आलेख, वयोगट, उत्पन्नगट, सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं, चहा सांगितला, आणि चहा घेऊन आलेल्या पोराला विचारलं, “गाड्यावर रेडिओ कुठला लावता रे?” पोरानं समोरच्या स्टेशनचं नाव घेतलं. मीटिंग संपली. चहा मात्र पूर्ण पाजला त्यांनी.

पुढच्या महिन्यात आम्ही मोठ्या क्लायंटच्या आसपासच्या चहाच्या गाड्यांना, केश कर्तनालयांना आणि स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यांना छोटे रेडिओ फुकट वाटले. आमच्या स्टेशनवर लावून दिले आणि वर स्टिकर. पंधरा दिवसांनी फेरी मारली तर अर्ध्या ठिकाणी आमच्या स्टिकरच्या रेडिओवर समोरचं स्टेशन वाजत होतं, आणि एका सलूनमध्ये आकाशवाणीचं नाट्यगीत. सलूनवाले म्हणाले, “गिऱ्हाईक म्हातारं आहे भाऊ, त्याला तुमचा धांगडधिंगा चालत नाही.” त्यांचंही खरंच होतं.

आवाज लांब पोचवून जिंकू म्हणावं, तर तेही हातात नसतं. एका शहरातल्या खासगी स्टेशनांना परवान्याच्या अटीप्रमाणे सहसा एकाच मनोऱ्यावरून प्रक्षेपण करावं लागतं. कागलला आम्ही खरखरलो तर समोरचाही खरखरणार. बातम्या देऊन पुढे जावं, तर स्वतःच्या बातम्यांना परवानगी नाही. खासगी एफएमचे परवाने सरकारनं टप्प्याटप्प्यानं दिले. त्यातल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा मिळाली, पण जसंच्या तसंच. खेळाची माहिती चालते, थेट प्रक्षेपण नाही. स्थानिक सामन्यांच्या समालोचनाला मुभा मिळू शकते, पण तीही तिसऱ्या टप्प्यापासून. त्याआधी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा फुटबॉल सामना रंगलाय, अर्धं गाव भिंतीवर चढलंय, आणि आम्ही स्टुडिओत हिंदी प्रेमगीत लावून बसलोय, असे दिवस पाहिलेत. सामना संपला की आरजे नुसता निकाल सांगून दोन्ही पेठांना चिमटे काढायचा. फोन जाम व्हायचे. त्या दहा मिनिटांत जेवढं ऐकलं जायचं तेवढं दिवसभराच्या गाण्यांनी नाही.

आता गाण्यांबद्दल. गाणी सारखी आहेत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि तो आळस नाही. माणूस आवडत्या गाण्यासाठी स्टेशन शोधत नाही, नावडतं लागलं की बदलतो. त्यामुळे प्रत्येक जण कुणालाच न खुपणारी दोन-तीनशे गाणी फिरवत बसतो. नेटवर्कचं स्टेशन असेल तर यादी बहुधा हेड ऑफिसमधून येते, संगणक ती घोळवतो आणि कुठलं गाणं किती तासांनी परत यायचं हे तोच ठरवतो. हेड ऑफिसचा एक समज वर्षानुवर्षं पक्का होता, की मराठी म्हणजे आकाशवाणी आणि तरुण म्हणजे हिंदी. २०१६ च्या उन्हाळ्यात एका मराठी चित्रपटाची गाणी लोकांनी फोन करकरून इतकी मागितली की यादीवाल्यांचा नाइलाज झाला. कुठला चित्रपट ते सांगायला नको.

म्हणून खरी मारामारी दोन गाण्यांच्या मधल्या दीड मिनिटात असते. तेव्हा आरजे बोलतो, आम्ही त्याला लिंक म्हणतो. कोल्हापूरचं उदाहरण बघा. पुढारी समूहाचं टोमॅटो एफएम गावातलंच. मिर्ची देशभराच्या नेटवर्कचं. २०१५ च्या परवान्यांच्या लिलावानंतर रेडिओ सिटीही आलं. प्रत्येकाची ताकद वेगळी, पण सकाळी सात ते अकरामध्ये सगळ्यांची परीक्षा एकच : आरजे इथला वाटतो का? आमच्याकडे एकदा बाहेरचा, फार गोड आवाजाचा मुलगा पाठवला होता. त्यानं पहिल्याच दिवशी ‘तांबडा-पांढरा’ला ‘रेड-व्हाइट करी’ म्हटलं. लोकांनी त्याला वर्षभर सोडलं नाही. नंतर तो स्वतःच त्यावर विनोद करायला लागला आणि मग गावानं त्याला आपला मानला.

आतली आणखी एक गोष्ट. आमच्याकडे एक पोरगा दिवसभर हेडफोन लावून दुसरी स्टेशनं ऐकायचा आणि वहीत लिहायचा : किती वाजता, कुठली जाहिरात, किती सेकंद. याला मॉनिटरिंग म्हणतात. सकाळच्या मीटिंगला वही उघडायची : “काल समोर वाजले, आपल्याकडे नाहीत” अशी यादी, आणि मग प्रत्येक नावासमोर आमच्यापैकी कुणाची तरी मान खाली. विक्रीवाल्याची खरी प्लेलिस्ट ती वही. त्याच वहीवरून त्यांचा ब्रेक किती वाजता लागतो हे कळायचं. आपण त्याच वेळी ब्रेक घ्यायचा, म्हणजे माणसानं कंटाळून स्टेशन बदललं तरी तिकडेही जाहिरातच. तिघांनीही हेच ओळखल्यामुळे ठरावीक मिनिटांना अख्ख्या शहरात एकदम जाहिराती सुरू होतात. तुम्हालाही जाणवलं असेल.

आणि पितृपक्ष! या पंधरवड्यात सराफ, साड्या, फ्लॅट, गाड्या, सगळे गप्प. दिवसाचे स्पॉट, म्हणजे वाजणाऱ्या जाहिराती, एका पानावर मावायचे. मग आम्ही काय करायचो? ‘नॉनस्टॉप तासभर गाणी’ असा प्रोमो करून वाजवायचो. लोक खूश, की बघा किती दिलदार स्टेशन. नवरात्राची घटस्थापना झाली की तो तास गायब. दसरा, दिवाळी, गुरुपुष्य, पाडवा, मे-जूनमध्ये क्लासेस, पावसाच्या तोंडावर वॉटरप्रूफिंग, असं आमचं पंचांग. कॉन्टेस्टचं सांगायचं तर जिंकणारे तेच सहा-सात जण. एका गृहस्थांनी बायको, मेहुणा आणि भाच्याच्या नावावर मिळून तीन कुकर नेले होते. चौथ्या वेळी आरजेनं त्यांना आवाजावरून ओळखलं.

पगाराचं गणित थोडक्यात : पहिल्या टप्प्यातली दरवर्षी वाढणारी ठोक फी झेपेना, म्हणून २००५ मध्ये सरकारनं एकदाची प्रवेश फी आणि उत्पन्नाचे ४ टक्के असं केलं. त्यामुळेच आमच्यासारख्या गावांत स्टेशनं येऊ शकली. वर गाण्यांची रॉयल्टी, वीज, मनोऱ्याचं भाडं. आलेला प्रत्येक रुपया जाहिरातीचाच, आणि तीही दहा सेकंदांच्या दरानं विकायची.

तुमच्या प्रश्नातला मोबाइलचा भाग मला सर्वांत जास्त लागला, कारण आमची भरभराटही मोबाइलनंच केली होती. २००७-०८ ला हजार-दोन हजारांच्या फोनमध्ये एफएम आलं. शिरोली एमआयडीसीतला कामगार वायर कानात घालून बसमध्ये चढायचा. तीच वायर अँटेनाचं काम करायची. मग फोनमधून हेडफोनचं भोक गेलं, वायर गेली आणि तिच्याबरोबर अँटेनाही. बऱ्याच नव्या फोनमधून तर एफएमच काढून टाकलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं फोन कंपन्यांना एफएम ठेवा अशी सूचना केली, पण वायर कोण परत आणणार? गाडीत बसलेला माणूस पूर्वी चावी फिरवली की आपोआप आमचा व्हायचा. आता त्याचा फोन ब्लूटूथला आमच्याआधी जोडला जातो. उरले ते दिवसभर हात कामात असणारे : शिंपी, गॅरेजवाले, टेम्पोवाले, दुकानातल्या मुली, स्वयंपाकघर. हे ऐकणारे पक्के आहेत. पण फ्लॅट विकणाऱ्याला ते नको असतात.

माझ्या शेवटच्या दोन वर्षांत बिल्डर विचारायचे, “तुमच्या आरजेचे इन्स्टावर फॉलोअर किती?” मग आम्ही पॅकेज करायला लागलो : इतके स्पॉट, दोन रील, शोरूमला आरजेची एक भेट. बघता बघता रील मुख्य झालं आणि स्पॉट त्यावरची कोथिंबीर. आरजेलाही कळलं की गिऱ्हाईक स्टेशनचं नसून आपलं आहे. आमच्या दोघांनी नोकरी सोडली आणि त्याच क्लायंटची कामं स्वतः घेऊ लागले. म्हणजे शेवटी आमचा प्रतिस्पर्धी समोरचं स्टेशन राहिलंच नव्हतं, आमच्याच स्टुडिओतून उठून गेला होता.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगतो आणि थांबतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं. महामार्ग बंद, अनेक भागांत वीज नाही, नळाला पाणी नाही. बातम्या द्यायला बंदी असली तरी आपत्तीत प्रशासनानं दिलेली माहिती सांगता येते, त्यामुळे आम्ही तासातासाला बंधाऱ्याची पातळी वाचायचो. “पाणी किती फूट?” याशिवाय गावात दुसरं बोलणं नव्हतं. चिखली, आंबेवाडीतल्या लोकांचे नातेवाईक फोन करायचे, आम्ही नियंत्रण कक्षाचे नंबर परत परत सांगायचो. ज्यांच्याकडे जुना बॅटरीचा रेडिओ होता त्यांनी तो माळ्यावरून काढला होता. माझ्या अकरा वर्षांत आम्हाला इतकं कधी ऐकलं गेलं नसेल. आणि त्या आठवड्याचं बिलिंग जवळपास शून्य, कारण जाहिरात देणारे स्वतःच दुकानातलं पाणी उपसत होते.

पाणी ओसरल्यावर व्हीनस कॉर्नरजवळच्या एका कापडवाल्यांचा फोन आला. पूर्वी तीन वेळा त्यांनी मला बाहेरूनच वाटेला लावलं होतं. म्हणाले, “वरच्या मजल्यावर चार दिवस तुमचंच ऐकत बसलो होतो. भिजलेला माल काढायचाय, वीस सेकंदांचं काय होईल ते सांगा.” जाहिरातीचा मजकूर त्यांनी स्वतःच फोनवर सांगितला : चिखल धुतलाय, डाग राहिलाय, किंमत निम्मी. आम्ही त्यात एक शब्द बदलला नाही. दोन दिवसांत माल संपला, आणि ते पुढची तीन वर्षं आमच्याकडे होते.

तुमच्या गावात कुठलं स्टेशन पुढे आहे हे बघायचं असेल तर सर्वेक्षण शोधू नका. पितृपक्षात एका दुपारी तिन्ही आळीपाळीनं लावा. ज्याच्यावर तेव्हाही गावातल्या दुकानांच्या जाहिराती वाजत असतील, ते.