मॅकआर्डल आजार वेळेत कळला नाही तर जिवावर बेतू शकतं का?
हो, बेतू शकतं. यात स्नायूतल्या ग्लायकोजेनपासून, म्हणजे साठवलेल्या साखरेपासून, ऊर्जा काढणारं एन्झाइमच जन्मापासून नसतं (हा आजार लंडनच्या डॉ. मॅकआर्डलनी १९५१ मध्येच लिहून ठेवलाय, नेमकं एन्झाइम मात्र नंतर कळलं), त्यामुळे जिना चढताना दोन मिनिटांत पाय भरून येतात, घरचे म्हणतात आळशी आहे, मग पोरगं ईर्ष्येने जिममध्ये जोर लावतं आणि तिथेच घात होतो. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते, किडनी बंद पडू शकते, पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोकेही बिघडतात. थोडं थांबून हळू चाललं की आठ-दहा मिनिटांनी अचानक बरं वाटतं, ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि सीके टेस्ट (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. लघवी तशी दिसली तर मात्र सकाळची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.