ग्लुकोमीटरला न दिसणारं ताट

"साखर आटोक्यात आहे, मग हृदयाची काळजी कशाला?" मधुमेहींना आहाराचा सल्ला देताना हा प्रश्न सतत कानावर पडतो. मधुमेहात हृदयविकाराचा धोका साधारण दुपटीने वाढतो, आणि त्याला एकटी साखर जबाबदार नसते. एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल), रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी), तंबाखू, मूत्रपिंडांची अवस्था या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. पन्नाशीतले गृहस्थ. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.८, म्हणजे साखर आटोक्यात, पण एलडीएल १४८ आणि रक्तदाब १४२/८८. धान्य त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. सकाळी लोण्यात परतलेली अंडी आणि सॉसेज, दुपारी चीज, मधल्या वेळी 'शुगर-फ्री' बिस्किटं. बिस्किटांचा पुडा उलटून वाचला, तर मैदा, पामतेल, मीठ! पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत काय छापलंय याला मी फारसं महत्त्व देत नाही, ते यासाठीच.

"हे पदार्थ निवडले कसे?"

"खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासतो. आकडा उडाला की पदार्थ बाद."

"आणि नाही उडाला तर?"

"पास."

"लोण्याने आकडा वाढतो?"

"नाही."

"मिठाने?"

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र जे मोजतच नाही, त्यात मी स्वतःला पास करत होतो."

मला यात काही भर घालावी लागली नाही. अशा माणसाला पथ्य पाळा म्हणून बजावण्यात अर्थ नसतो, कारण पथ्य तो काटेकोर पाळतच असतो, फक्त परीक्षक एकच नेमलेला असतो. म्हणून माझी सुरुवात 'हे बंद करा'ने होत नाही. काढलेल्या पदार्थाच्या जागी ताटात काय येतं, ते आधी बघायचं.

मग हिशेब मांडला. दिवसाला १,८०० कॅलरी घेणाऱ्याने संपृक्त चरबी, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी, २० ग्रॅमच्या आत ठेवावी. ३० ग्रॅम लोण्यात ती सुमारे १५ ग्रॅम, ६० ग्रॅम चीजमध्ये ११-१२ ग्रॅम. सॉसेज मोजायच्या आधीच मर्यादा ओलांडली होती.

बदल असे ठरले. लोण्याऐवजी सूर्यफूल, सोयाबीन किंवा ऑलिव्ह तेल, तेही चमच्याने मोजून. चीजऐवजी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, बदाम-अक्रोडासारखा बिनमिठाचा सुकामेवा. सॉसेजऐवजी शिजवलेली कडधान्यं, आठवड्यातून दोनदा मासे. ओट्सही परत आणले. त्यातलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारा तंतू) रोज ३ ग्रॅम मिळालं तर एलडीएल थोडं उतरतं, त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि यात पाकिटातलं मीठही आलं. लेबलवर सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणायचं.

बिघडतं ते इथे: चरबी कमी करून तिच्या जागी मैदा किंवा गोड पेय आलं, की ट्रायग्लिसराइड्स वाढतात. तेल चांगलं म्हणून सढळ हाताने ओतलं, की वजन वाढतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमचं मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना धान्य एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आधी डोस बदलून घ्यावा लागतो.

दोन महिन्यांनी एलडीएल १२६ आलं, रक्तदाबही उतरला. साखर होती तिथेच राहिली, आणि ओट्सना घाबरणारे गृहस्थ चकित झाले.

"मग आता कोलेस्टेरॉलची गोळी नको ना?" त्यांनी उत्साहाने विचारलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली ती गोळी त्यांनी या आशेवर अजून सुरूच केली नव्हती. मधुमेहींसाठी एलडीएलचं उद्दिष्ट बहुधा ७०च्या आसपास ठेवतात आणि १२६वरून तिथवर आहार एकटा क्वचितच नेतो, हे मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली, ओट्सही चालू राहिले.