मांडवीवरच्या टेबलावर बसण्याआधी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि ज्या ॲपवर तू रात्री चार-चार टेबलं उघडून बसायचास ते रिकामं झालं. आता तुझ्या मनात आहे की पुण्यातली नोकरी सोडावी, वर्षभरासाठी पणजीत खोली घ्यावी आणि मांडवी नदीवरच्या कॅसिनोत रोज पोकर खेळत बसावं.

नोकरी सोडू नकोस. तुझ्या खेळाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की समोरासमोरच्या टेबलावर तू खरंच जिंकणारा खेळाडू आहेस का, हे कळायला किती वेळ लागतो याचा अंदाज तुला आलेला नाही.

चार टेबलांवर मिळून तू तासाला पावणेतीनशेच्या आसपास डाव खेळायचास. कॅसिनोत डीलर पत्ते पिसतो, वाटतो, कुणीतरी विचार करत बसतं, कुणी पेय मागवतं, कुणी ऑल-इन झालं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, की त्या मोजायच्या असतात. तासाला पंचवीस ते तीस डाव झाले तरी टेबल चांगलं चाललंय असं म्हणतात. म्हणजे शंभर तास बसलास तर फार तर तीन हजार डाव. ऑनलाइनच्या हिशेबाने हे अकरा तासांचं काम झालं.

आता पुढचा हिशेब कागदावर स्वतः करून बघ. समजा, रेक, म्हणजे पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) कॅसिनो घेतो तो हिस्सा, कापून झाल्यावर तू दर शंभर डावांमागे दहा बिग ब्लाइंड कमावतोस. ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या रकमा, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड. हे प्रमाण उत्तमच आहे. तीन हजार डावांत तीनशे बिग ब्लाइंड व्हायला हवेत. १००-२०० च्या टेबलावर, म्हणजे जिथे बिग ब्लाइंड २०० रुपये, ते साठ हजार रुपये. पण नो-लिमिटमध्ये, म्हणजे कितीही रक्कम लावता येते अशा खेळात, दर शंभर डावांमागे निकाल शंभर बिग ब्लाइंडने इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. तीन हजार डावांवर तो हेलकावा साडेपाचशेच्या घरात जातो, म्हणजे एक लाख दहा हजार रुपये. अपेक्षित कमाईच्या जवळजवळ दुप्पट! इतका चांगला खेळूनही शंभर तासांनंतर तू तोट्यात असण्याची शक्यता साधारण तीस टक्के आहे. आणि जो खेळाडू दर शंभर डावांमागे पाच ब्लाइंड गमावतो, तो त्याच शंभर तासांनंतर फायद्यात असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या जवळ आहे. शनिवार-रविवार जाणाऱ्या माणसाला शंभर तास भरायला कित्येक महिने लागतात. तेवढे महिने टेबल त्याला खोटं सांगत राहू शकतं. चांगल्याला वाईट म्हणतं, वाईटाला चांगलं. तुझं नोकरी सोडणं असल्या साक्षीवर उभं राहू नये, एवढंच मला सांगायचंय.

म्हणून निकालाऐवजी निर्णय तपासायची सवय लाव. तू पाठवलेला डावच घेऊ. ब्लाइंड १००-२००, तिघांनी नुसता कॉल केला (तेवढेच पैसे घातले), तू बटनवर, म्हणजे सगळ्यांत शेवटी पाळी येते त्या जागेवर, राणीच्या जोडीने १२०० केलेस. दोघे आले, पॉट ४१००. फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, इस्पिकची नव्वी, इस्पिकची सत्ती आणि चौकटची चौकी. तू २५०० लावलेस, एकजण राहिला. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, बदामची दुर्री, तू ६०००, त्याने पुन्हा कॉल. इथपर्यंत सगळं बरोबर, पैसे लावायलाच हवे होते. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, चौकटची अठ्ठी आली, त्याने चेक केलं (पैसे न लावता पाळी सोडली), तू १०,००० लावलेस आणि त्याने ३५,००० केले. तू लिहितोस, ‘फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागला नव्हता, म्हणून वाटलं थापा मारतोय.’

आता बघ. तुला आणखी २५,००० घालायचे होते आणि समोर ६६,१०० होते. म्हणजे शंभरातल्या सत्तावीस-अठ्ठावीस वेळा तरी तुझी राणी पुढे असायला हवी. तूच लिहिलंयस की तो गृहस्थ तीन तासांत एकदाही रिव्हरला रेज करताना (रक्कम वाढवताना) दिसला नव्हता. असा शांत माणूस दोनदा नुसता कॉल करून, तिसऱ्यांदा चेक करून, अचानक पंचवीस हजारांनी वर जातो तेव्हा तो शंभरात सत्तावीस वेळा थापा मारत नसतो. माझ्या अनुभवात पाच-सात वेळाही नाही. त्याच्याकडे इस्पिकचे गुलाम-दश्शी निघाले, स्ट्रेट, म्हणजे सत्तीपासून गुलामापर्यंत ओळीने पाच पत्ते, झाला होता. पण समज, त्याच्याकडे काहीच निघालं नसतं आणि तू पॉट ओढला असतास, तरी तो कॉल तेवढाच चुकीचा ठरला असता. वहीत हा डाव लिहिताना शेवटी काय उघडलं ते लिहूच नकोस. काय दिसत होतं, किती लागत होते, तू काय ठरवलंस, बस.

ऑनलाइनवरून आलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते. तुम्ही थापा फार मारता. समोरासमोरच्या छोट्या टेबलावर लोक पुढचे पत्ते पाहायला आलेले असतात. दूरवरून आलेत, सुट्टी आहे, दोन दिवस मजा करायची आहे, त्यांना पत्ते टाकून द्यायचे नाहीत. ब्लाइंडच्या पाच-सहा पट रेजलाही चार-चारजण कॉल करतात. अशा लोकांना थापेने घालवायचं नसतं. चांगले पत्ते आले की भरपूर लावायचं आणि त्यांना कॉल करू द्यायचं. छोटी जोडी हातात असेल तर फ्लॉपवर तिसरा पत्ता जुळण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या आत आहे, साडेआठात एकदा. म्हणून कॉल करण्याआधी समोरच्याच्या चिप्स बघ. कॉलच्या पंधरापट तरी त्याच्यासमोर नसतील, तर जुळूनही परवडत नाही. आणि फ्लॉप उघडताना फ्लॉपकडे बघू नकोस, तो कुठे पळत नाही. माणसांकडे बघ. स्वतःचे पत्तेही तुझी पाळी आल्यावरच उचल. तुझ्याआधीचा माणूस त्याचे पत्ते पाहतानाच पुष्कळ काही सांगून जातो.

टेबलावरची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळ. रेज करायचा असेल तर आधी तोंडाने म्हण, मग चिप्स ढकल. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकलीस तर तो नुसता कॉल धरतात, मग कितीही वाद घाल. दोनदा हात पुढे नेऊन थोड्या-थोड्या चिप्स घालायच्या नाहीत. मोठ्या चिप्स सगळ्यांना दिसतील अशा समोर ठेव. पत्त्यांवर एक चिप ठेव आणि पॉट तुझ्याकडे सरकेपर्यंत पत्ते सोडू नकोस. जिंकलेला डाव डीलरच्या ढिगात गेला की परत येत नाही. आणि मित्राबरोबर गेलास तर डाव चालू असताना मराठीत एक शब्दही बोलू नका. तुम्ही जेवणाबद्दल बोलत असाल, पण टेबलावरच्या दिल्ली-हैदराबादच्या माणसाला ते कसं कळणार? एका डावात एकच खेळाडू हा नियम जगभर कडक पाळतात, आणि तो बरोबरच आहे.

टूर्नामेंटबद्दल तू अगदी थोडं लिहिलंस, बहुधा तिथे आपल्याला सगळं येतं असं वाटत असावं. तो वेगळा खेळ आहे. कॅश टेबलावर चिप म्हणजे पैसा, वाटेल तेव्हा उठून बदलून घेता येतो. टूर्नामेंटमधली चिप विकता येत नाही, आणि जसजशा त्या वाढतात तसतशी प्रत्येक पुढच्या चिपची किंमत घटते. तिघे उरलेत, बक्षिसं पन्नास, तीस आणि वीस टक्के आहेत आणि तुझ्याकडे एकूण चिप्सपैकी निम्म्या आहेत असं धर. दुसऱ्याकडे तीस टक्के, तिसऱ्याकडे वीस. तुझा वाटा पन्नास टक्के वाटतो ना? हिशेब केला तर तो अडतीसच्या थोडा वर येतो. आणि वीस टक्के चिप्सवाल्याचा वाटा एकोणतीसच्या जवळ. म्हणून बक्षिसांच्या उंबरठ्यावर जे कॉल कॅशमध्ये डोळे झाकून करशील, ते इथे सोडून द्यावे लागतात. मात्र स्वतः ऑल-इन जाणं आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा-बारा ब्लाइंड उरले की पहिलं काम धीटपणे कर, दुसरं जपून.

री-एंट्रीची, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून शिरण्याची, संख्या घरून निघतानाच ठरव. तिथे बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत माणूस पुन्हा काउंटरवर उभा असतो, आणि त्या पाच मिनिटांत घेतलेला निर्णय क्वचितच शांत डोक्याचा असतो. शक्यतो सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटमधली जागा जिंकून देणारी छोटी टूर्नामेंट, खेळून मोठ्या टूर्नामेंटमध्ये शिर. तू क्रिस मनीमेकरचं उदाहरण दिलंस. २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून तो लास व्हेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला आणि ८३९ जणांतून पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर जिंकला. हे खरं आहे. तो तेव्हा अकाउंटंटची नोकरी करत होता आणि नोकरी सांभाळूनच गेला होता, हेही तितकंच खरं आहे.

आता पैशांकडे वळू. हे तुझ्या पत्रात जवळजवळ नव्हतंच. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे सरसकट तीस टक्के आयकर आहे, वर सेस. त्यातून हरलेली रक्कम किंवा प्रवास-हॉटेलचा खर्च वजा करू देत नाहीत. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के झाला आहे. म्हणून निघण्याआधी पोकर रूमला फोन करून साधे प्रश्न विचार: मी एक लाख दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स पडतील? पॉटमधून किती टक्के रेक आणि कमाल किती? टूर्नामेंटच्या बक्षिसातून किती कापून देता? ही उत्तरं मिळाल्याशिवाय वर केलेला दहा ब्लाइंडचा हिशेब अपुरा आहे. चांगल्या खेळाडूचा बराचसा फायदा इथेच विरघळतो, आणि म्हणूनच पूर्ण वेळ खेळून घर चालवणं आज पूर्वीपेक्षा कितीतरी अवघड झालं आहे. सीएला भेट, लाजू नकोस.

खेळायचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव. कॅशसाठी तीस-चाळीस बाय-इन (एकदा खेळायला बसायची रक्कम), टूर्नामेंटसाठी शंभराहून जास्त. एवढे नसतील तर लहान टेबलावर बस. टेबलावर कुणाकडून उसने घेऊ नकोस, देऊही नकोस. कुणी तुझ्या टूर्नामेंटमध्ये हिस्सा घेणार असेल तर टक्केवारी आधी लिहून घे, सख्खा मित्र असला तरी. पोकर रूममधून बाहेर पडलास की सरळ फेरीबोटीकडे चालू लाग. वाटेत रुलेट लागेल. त्यावर सदतीस घरं असतात आणि आकडा लागला तर पस्तीस पट मिळतात. तिथे तुझं कौशल्य काही बदलत नाही. पोकरमध्ये तू माणसांशी खेळतोस, तिथे कॅसिनोशी.

पुण्यातल्या कुणाच्या तरी फ्लॅटवर चालणाऱ्या खेळाचंही तू विचारलंस. जाऊ नकोस. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि फसवलं गेलास तर दाद मागायला कुठेच जाता येणार नाही. गोव्यात निदान डीलर आहे, कॅमेरा आहे, फ्लोअर मॅनेजर आहे.

एक गोष्ट काका म्हणून विचारतो. हरल्यावर ते भरून काढायचंच असं रात्रभर डोक्यात घोळतं का? आईला रक्कम कमी करून सांगतोस का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर खेळ लगेच थांबव आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. माझ्याशी बोलणं जड वाटलं तर सरकारची मानसिक आरोग्याची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. त्यात कमीपणा काही नाही. चांगले खेळाडूही यात अडकलेले मी पाहिलेत.

तर असं कर. वर्षभर नोकरी ठेव आणि महिन्यातून एकदा जा. शुक्रवारी रात्रीच्या बसने पोहोचलास तर सकाळी लगेच बसू नकोस, दुपारी नीट झोप काढ आणि संध्याकाळी टेबलावर जा. किती तास बसायचं आणि किती हरल्यावर उठायचं हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ने. आल्यावर ज्या चार-पाच डावांत अडलास ते मला पाठव, ब्लाइंड, चिप्स, कोण कुठे बसलं होतं, सगळं नीट लिहून. कोण जिंकलं ते मात्र गाळ. मी काय केलं असतं ते आधी कळवीन, निकाल तू मला नंतर सांग.

तुझा,
काका