राउंड संपल्यावरचं ते एक मिनिट

तुम्ही विचारलंय की बॉक्सिंग नुकतंच बघायला लागलोय, 'शंभर महान लढती' छापाच्या याद्या वाचून डोकं भणभणलंय, तर आयुष्यभर परत परत बघाव्यात अशा लढती निवडायच्या कशा?

मी कॉलेजात तीन वर्षं ५१ किलो गटात खेळले. तेव्हापासून लढती बघतेय आणि आता माझा निकष एकच उरलाय. दोन राउंडच्या मधलं जे एक मिनिट असतं, तेही बघावंसं वाटतं का? ते मिनिट पुढे ढकलावंसं वाटलं, तर ती लढत एकदा बघून सोडून द्या. टायसनने १९८८ साली मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं. जबरदस्तच आहे, पण दोनदा बघितलं की संपतं. त्यात कोणाला विचार करायची वेळच आली नाही.

त्या मिनिटाचं एवढं काय, ते सांगते. एका स्पर्धेत समोरची मुलगी डावखुरी होती आणि दुसऱ्या राउंडमध्ये तिचा डावा हात मला सारखा लागत होता. घंटा झाली, मी कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या ज्या कोपऱ्यात आपला ट्रेनर आणि मदतनीस असतात तिथे, येऊन बसले. कोणीतरी तोंडातून माउथगार्ड काढलं, मानेवर गार पाणी पडलं. सर माझ्या तोंडासमोर वाकून बोलत होते. पाच-सहा वाक्यं तरी बोलले असतील, पण कानात नुसती घरघर. त्यातलं मला एवढंच ऐकू आलं: "डावीकडे फिर." तेवढ्यावर मी पुढचा राउंड काढला. लढत हरले, पण त्या राउंडमध्ये तिचा डावा हात मला जवळजवळ लागलाच नाही. म्हणून कॉर्नरकडे बघायची सवय लागली ती कायमची.

माझ्या यादीत पहिली लढत शुगर रे लिओनार्ड विरुद्ध टॉमी हर्न्स, १६ सप्टेंबर १९८१, लास व्हेगस. वेल्टरवेट या वजनगटातल्या जगज्जेतेपदाचे दोन वेगवेगळे पट्टे दोघांकडे, आणि ठरलेले राउंड पंधरा. हर्न्स उंच, लांबलचक हातांचा, ३२ लढतींत एकही हार नाही, त्यांतल्या ३० नॉकआउट. लिओनार्ड चपळ, पायांवर नाचणारा. सुरुवातीला सगळं अपेक्षेप्रमाणे चालतं. हर्न्स जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ, झटपट ठोसे मारत पुढे येतो, लिओनार्ड गोल फिरत राहतो. सहाव्या राउंडमध्ये लिओनार्डचा डावा हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, नेमका बसतो, मग बरगड्यांवर मारा सुरू होतो आणि लढत उलटी होते. आता हर्न्स मागे सरकत, जॅबवर गुण गोळा करत खेळतो आणि लिओनार्ड त्याच्या मागे लागतो. पळणारा पाठलाग करतोय आणि मारणारा पळतोय! पहिल्यांदा बघताना मला हे कळलंच नव्हतं. चौथ्या-पाचव्या वेळी फक्त पायांकडे बघत बसले, तेव्हा ध्यानात आलं.

मग बारावा राउंड संपतो. लिओनार्डचा डावा डोळा सुजून मिटायला आलाय. त्याचे ट्रेनर अँजेलो डंडी त्याच्यासमोर येतात आणि सांगतात की बाळा, हातची लढत घालवतोयस. डावपेच नाही, लाड नाही. तिन्ही जजांकडे लिओनार्ड खरोखरच मागे होता, पण हे आकडे त्या क्षणी कॉर्नरला माहीत नसतात. डंडींनी ते नुसतं बघून ओळखलं होतं. तेराव्या राउंडमध्ये हर्न्स दोरांतून बाहेर जातो, चौदाव्यात रेफरी लढत थांबवतो.

याच डंडींमुळे मला आणखी एक जोडी सापडली. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या राउंडमध्ये पाडलं, ती सगळ्या जगाला ठाऊक असलेली लढत. अली दोरांना रेलून फोरमनचे ठोसे हातांवर, कोपरांवर घेत राहतो आणि त्याला दमवतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. तुम्ही पहिला राउंड नीट बघा. अली जॅब न टाकता थेट उजवा हात मारतोय. उजवा हात मागे असतो, तो लांबून येतो, त्यामुळे अशी सुरुवात करणं म्हणजे समोरच्याला आयती संधी देणं. फोरमनसारख्या माणसासमोर हे करायला काळीज लागतं. आणि शेवट बघा: फोरमन गरकन फिरून कोसळत असताना अलीचा उजवा हात वर तयार आहे, पण तो मारत नाही.

त्या रात्री डंडी अलीच्या कॉर्नरला होते. वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ वर्षांचा फोरमन जगज्जेत्या मायकल मूररसमोर उभा राहिला तेव्हा हेच डंडी फोरमनच्या कॉर्नरला होते! नऊ राउंड फोरमन गुणांवर हरतोय. दहाव्यात एक आखूड उजवा हात, आणि मूरर पाठीवर. किन्शासाची लढत आणि ही, एका पाठोपाठ एक बघा. दुसरीत जिंकल्यावर फोरमन गुडघे टेकून बसतो तेव्हा माझे डोळे आजही भरून येतात.

कॉर्नर चुकला तर काय होतं, ते बघायचं असेल तर बस्टर डग्लस विरुद्ध टायसन, टोकियो, ११ फेब्रुवारी १९९०. डग्लसची आई काही आठवड्यांपूर्वीच गेली होती, आणि तो जिंकेल असं जवळजवळ कोणालाच वाटत नव्हतं. टायसनचा डोळा सुजू लागतो. अशा वेळी सूज दाबायला बर्फात गार केलेला धातूचा तुकडा वापरतात. टायसनच्या कॉर्नरला तो नव्हताच! रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून त्यांनी डोळ्यावर धरलं. जगज्जेत्याच्या कॉर्नरची ही तयारी. आठव्यात डग्लस पडतो, उठतो. दहाव्यात टायसन पडतो, आणि जमिनीवर चाचपडत माउथगार्ड शोधतो, तोंडात कसंबसं अडकवतो. ते दृश्य मी थांबवून थांबवून बघितलंय. मार खाऊन शुद्ध अर्धी गेली तरी हात सवयीने आपलं काम करत असतात.

आता दिएगो कोरालेस विरुद्ध होसे लुईस कास्तियो, ७ मे २००५. एकच लढत जवळ ठेवा म्हणाल, तर मी ही ठेवीन. कोरालेस उंच, लांब हातांचा. त्याने अंतर ठेवून खेळावं असं कोणीही सांगेल. पण नऊ राउंड दोघं कपाळाला कपाळ लावून लढले. दहाव्यात कास्तियोच्या डाव्या हुकने कोरालेस पडला. उठला, परत पडला. दोन्ही वेळा माउथगार्ड तोंडाबाहेर. रेफरी टोनी वीक्स यांनी एक गुण कापला आणि माउथगार्ड बसवायला त्याला कॉर्नरला पाठवलं. ट्रेनर जो गूसन यांना तिथे काही सेकंदच मिळाले. त्यांनी माउथगार्ड घातलं आणि बजावलं की आता त्याच्या आत शिरायलाच हवं, म्हणजे अगदी जवळ भिडून लढायला हवं. मार खाणाऱ्या माणसाला पळ म्हणून नव्हे, आत जा म्हणून सांगितलं. कोरालेस गेला. एक उजवा हात बसला, मग एक डावा, आणि कास्तियो दोरांवर, हात खाली, मान लुळी. वीक्सनी लढत थांबवली.

माउथगार्डमुळे कोरालेसला श्वास घ्यायला वेळ मिळाला, हा वाद आजही होतो, आणि कास्तियोच्या बाजूने बोलणाऱ्यांचं मला पटतं. वेळ मिळालाच. पण ते वाक्य ऐकून परत पुढे जायला जे लागतं, ते त्या वेळेतून मिळत नाही. बरोब्बर दोन वर्षांनी, ७ मे २००७ ला, कोरालेस मोटरसायकलच्या अपघातात गेला. दर मे महिन्यात मी हा दहावा राउंड बघते.

हॅग्लर विरुद्ध हर्न्स, १९८५, तीनच राउंडची. ती सगळ्या याद्यांत असतेच आणि असायलाच हवी, म्हणून जास्त लिहीत नाही. केटी टेलर विरुद्ध अमांडा सेरानो, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ३० एप्रिल २०२२, ही मात्र कागद-पेन घेऊन बघा. दोन-दोन मिनिटांचे दहा राउंड, आवाज बंद, प्रत्येक राउंडला स्वतः गुण द्या. पाचव्यात सेरानोने टेलरला जवळजवळ संपवलं होतं. निकाल दोन विरुद्ध एक असा टेलरकडे गेला. मी तीनदा गुण मांडले आणि तिन्ही वेळा बेरीज वेगळी आली.

एक लढत मी मुद्दाम दूर ठेवते: अली–फ्रेझर, मनिला, १९७५. कॉर्नरने घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय तिथला आहे. चौदाव्या राउंडनंतर एडी फच यांनी फ्रेझरला उठू दिलं नाही. डोळे सुजून फ्रेझरला धड दिसत नव्हतं, आणि तरी त्याला उठायचं होतं. ती जरूर बघा, पण दरवर्षी नको. दोन माणसं एकमेकांचं आयुष्य कमी करतायत असं वाटतं मला, आणि पुढचे दोन दिवस मन लागत नाही.

आज रात्री एकच बघायची असेल तर लिओनार्ड–हर्न्स लावा. सलग पंधरा राउंडची तयारी ठेवून बसा, आणि बारावा संपला की आवाज वाढवा.